रात्री साडेदहानंतर भडंगाचा डबा उघडला जातो, काय करू?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, दोनतीन वर्षं इथं नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, वय ४३, उंची पाच फूट दोन. जानेवारीत वजन ७८ होतं, गुडघे दुखायला लागले, दोन जिने चढले की धाप लागायची. डॉक्टर म्हणाले आधी वजन उतरवा मग गोळ्यांचं बघू. मग जिम लावली, तिथं एक चार्ट दिला, तो मी अगदी मन लावून पाळतेय. सकाळी ओट्स, दुपारी एक फुलका आणि भाजी, साडेपाचला बिनसाखरेचा चहा आणि दोन मारी बिस्किटं, सातला सूप आणि काकडी, बास. पहिल्या दोन महिन्यांत ५ किलो गेले, घरात सगळे खूश. आणि तिथनं पुढं चार महिने काटा ७३ वर उभा आहे तो आहेच, कधीकधी ७४ पण दाखवतो.

कारण मला माहितीय. मिस्टरांचं दुकान गणपती पेठेत, ते नऊला बंद होतं, घरी यायला साडेनऊ. मग त्यांना आणि मुलाला गरम भाकरी करून वाढायची, सासूबाईंच्या गोळ्या, दुधाला विरजण, ओटा, सगळं होईपर्यंत सव्वादहा-साडेदहा. सगळे आपापल्या खोलीत जातात आणि मी स्वयंपाकघरातला लाईट बंद करायला म्हणून जाते तर समोर भडंगाचा डबा. एक मूठ घेते उभ्या उभ्याच, मग दुसरी, मग खुर्ची ओढून बसतेच, मोबाईलवर पाककृतींचे व्हिडिओ लावते (हे पण नवीनच, आधी मी असलं कधी बघत नव्हते) आणि बारा कधी वाजतात कळत नाही. परवा मुद्दाम रात्री डबा काट्यावर ठेवला आणि सकाळी परत ठेवला, १३० ग्रॅम कमी भरला. एकटीने खाल्लेलं.

दिवसभर एवढं कडक पाळणारी बाई रात्री अशी का होते? माझं मन एवढं कच्चं आहे का? परवा खाऊन झाल्यावर खरंच रडू आलं. कुणी यातनं बाहेर पडलं असेल तर सांगा प्लीज.

तासगावची_लेक

ताई, डबा आणूच नका घरात. मी बेदाण्याचं तेच केलं, आमच्या घरचेच असतात पोत्यानं, येता जाता मूठ भरायची. आता माहेरनं दिले तरी घेत नाही.

कृष्णाकाठची

नाही आणला तर मिस्टर विचारतात, त्यांना सकाळी चहाबरोबर लागतो. वरच्या फळीवर पण ठेवून बघितला, स्टूल घेऊन काढला मी.

यवतेश्वर२१

मी साताऱ्याचा, पळणारा माणूस. जेवलं की लगेच ब्रश करा आणि दोन ग्लास पाणी प्या, माझं निम्मं तिथंच थांबलं. अजून एक. हिल मॅरेथॉनच्या तयारीला रविवारी आम्ही यवतेश्वर घाट चढतो, १५-१८ किलोमीटर होतात. पहिल्या वर्षी मी वजन पण उतरवायचं म्हणून पळून आल्यावर नुसता चहा घ्यायचो आणि दुपारी थोडंसंच जेवायचो. दिवस बरा जायचा पण रात्री अकराला फ्रीजसमोर उभा, भात, दूध, कंदी पेढे, जे हाताला लागेल ते. ग्रुपमधल्या एका सिनियरने सांगितलं की आल्या आल्या अर्ध्या तासात नीट खा, अंडी पोहे काहीतरी. तसं चालू केलं आणि रविवारची रात्र शांत झाली. म्हणून मला वाटतं तुमचा घोळ रात्रीचा नसावा, दुपारचा असावा. बाकी जाणकार सांगतीलच.

सिस्टर_मिरज

यवतेश्वर२१ यांना पूर्ण अनुमोदन, मी हेच लिहायला आले होते. मिरजेला नर्सिंगमध्ये २२ वर्षं झाली, आहाराच्या ओपीडीत पण काम केलंय. मोठं लिहितेय पण ताई नीट वाचा.

तुमच्या चार्टची मी बेरीज केली. दूध घातलेले ओट्स २५०, फुलका भाजी २००, चहा बिस्किट १००, सूप काकडी १००-१२५. कसंबसं ७०० कॅलरी भरतं हो! आयसीएमआरच्या एनआयएन म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे आकडे दिलेत त्यात बसून काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी धरल्यात. वजन उतरवायचं तर त्यातनं चारपाचशे कमी करू, पण निम्म्याच्या पण खाली? आणि प्रोटीन बघा त्यात, दुधाचं थोडं सोडलं तर काहीच नाही. हा चार्ट ज्याने दिला त्याने तुमचं वय, काम, घरचं वेळापत्रक काही विचारलं का? मला तरी वाटत नाही.

आता भडंग. १०० ग्रॅमला साधारण ५०० कॅलरी पकडा, कारण चुरमुरे हलके असले तरी तेल आणि शेंगदाणे भरपूर असतात (एक मोठा चमचा तेल म्हणजेच १२०). १३० ग्रॅम म्हणजे साडेसहाशे. म्हणजे शरीराने दिवसभर जे मागितलं आणि तुम्ही दिलं नाही ते त्याने रात्री वसूल केलं. याला कच्चं मन म्हणू नका.

आणि व्हिडिओंचं तुम्ही सहज लिहिलंत पण मी तिथंच थांबले. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ ला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर एक प्रयोग केला होता. धडधाकट, स्वतःहून तयार झालेली मुलं. सहा महिने त्यांना जवळजवळ अर्ध्या आहारावर ठेवलं. तर त्यांना दिवसरात्र खाण्याशिवाय दुसरं काही सुचेना, स्वप्नं खाण्याची, आणि ज्यांनी आयुष्यात कधी स्वयंपाक केला नाही ती मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागली, गोळा करायला लागली. तुम्ही आज मोबाईलवर तेच करताय. ते उपाशी मेंदूचं लक्षण आहे, तुमच्या स्वभावाचं नाही. त्यामुळं आधी ते रडणं बंद करा बघू.

एक काम करा. आठ दिवस काही बदलू नका, फक्त जे तोंडात जाईल ते वहीत लिहा, वेळेसकट, उभ्यानं खाल्लेलं पण, चाखलेलं पण. कारण ७०० आणि ६५० मिळून १३५० होतात, तेवढ्यावर वजन हळू का होईना उतरायला पाहिजे, चार महिने एका जागी थांबायला नको. म्हणजे अजून काहीतरी पोटात जातंय जे तुमच्या हिशेबात नाही. थायरॉईड तपासलं नसेल तर ते पण एकदा करून घ्या.

कृष्णाकाठची

सिस्टर, दोनदा वाचलं. त्या मुलांचं वाचून अंगावर काटा आला. वही आजपासून. थायरॉईड मार्चमध्ये केलंय, नॉर्मल आहे.

दोनवेळा

मी दीक्षित सरांच्या पद्धतीने दोन वेळा जेवतो, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, मधे पाणी, पातळ ताक, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा. दीड वर्ष झालं, ९ किलो उतरले. रात्रीचं खाणं हा प्रश्नच राहत नाही, कारण दोन्ही जेवणं पोटभर असतात. पहिले १५ दिवस जड जातात मग भूकच त्या वेळेला लागते. ताईंनी हे करून बघावं.

सिस्टर_मिरज

दोनवेळा, तुम्हाला लागू पडलं याचा आनंदच आहे आणि तुमच्या पोटभर या शब्दाला मी दाद देते, ताईंच्या चार्टमध्ये तेच नाही. पण शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे धाग्यावर वाचून चालू करू नये. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात, तिची रात्रीची भूक ही खरी भूक असते, तिने खायचंच.

बुधगावकर_पोरगी

सिस्टरनी शुगरचं काढलं म्हणून लिहितेय, नाहीतर लिहिणार नव्हते. माझे वडील ६६, शुगरवाले, संध्याकाळी इन्सुलिन. गेल्या वर्षी रात्री दोन-अडीचला उठून खायला लागले, बिस्किटं, गूळ, एकदा तर साखरेचा डबा घेऊन बसलेले. आई चिडायची, आम्ही सगळेच बोललो त्यांना, की एवढी शुगर आणि रात्री चोरून गोड खाताय. ते काही बोलायचे नाहीत. एकदा मी पाणी प्यायला उठले तर ते घामानं भिजलेले, हात थरथरतायत. मशीन होतं घरात, बोटाची शुगर बघितली तर ५८. म्हणजे शुगर खाली जात होती आणि त्यांचं शरीर त्यांना उठवून खायला लावत होतं, आणि आम्ही त्यांना हावरट ठरवलं. डॉक्टरांनी डोस बदलला, आठ दिवसात रात्रीचं उठणं बंद. मी अजून त्यांची माफी मागते. कुणाच्या घरात असं असेल तर आधी मशीन काढा, मग बोला.

सिस्टर_मिरज

पोरी, फार बरं केलंस लिहिलंस. ७० च्या खाली गेली की ती कमी शुगर धरायची. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायची, तरी ७० च्या वर आली नाही तर परत तेवढीच. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, उचलून थेट दवाखाना. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगायचंच, डोस आपल्या मनाने बदलायचा नाही. इन्सुलिनच नाही, काही गोळ्यांनी पण असं होतं.

वाळव्याचा_पाटील

राम राम. आमचं रात्रीचं खाणं वेगळंच हाय, सांगतो. ऊस साडेतीन एकर. शेतीची लाईट काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्रीची, आणि रात्रीची पाळी आली की मोटर चालू करून बारं धरायला, म्हंजे उसाला पाणी पाजायला, जावंच लागतंय, पाणी कुठं फुटलंय का बघायला लागतंय, मग थंडीत दोनतीन वाजता भूक लागतीच की. आधी मी जाताना फाट्यावर दोन वडापाव आणि फरसाणाचा पुडा घ्यायचो. वजन ९६ झालेलं. पण खरी गंमत पुढं हाय, दिवसाची लाईट असायची तवा बी मला रात्री अडीचला बरोब्बर जाग यायची आणि खाल्ल्याबिगर झोप लागायची न्हाई. बायको म्हणायची तुम्हाला भूक न्हाई, सवय लागलीया. खरंच होतं ते.

मग काय केलं, पाळी असल तवा रीतसर डबा न्यायचा. ज्वारीची एक भाकरी, खर्डा, मटकीची उसळ, बाटलीत ताक. कामाला जातोय तर ते जेवानच समजायचं, तोंडात टाकायचं खाणं न्हाई. आणि संध्याकाळचं जेवान तेवढं कमी. आणि ज्या रात्री पाळी न्हाई त्या रात्री जाग आली तरी उठायचं न्हाई, अंथरुणात पडून राहायचं. आठधा रात्री वाईट गेल्या, मग जाग यायचीच बंद झाली. आता ८८ हाय. भडंग आमच्या घरात पण असतंय, पण ते पाव्हण्यांसाठी.

चारते_बारा

पाटील दादा, डब्याचं पटलं. मी साखर कारखान्यात, सीझनला चार ते बारा पाळी आली की घरी यायला साडेबारा. बायको उठून वाढायची आणि मी पोटभर जेवून लगेच आडवा, मग घशाशी आंबट, रात्रभर जळजळ. डॉक्टर म्हणाले जेवण आणि झोपणं यात दोनतीन तास तरी ठेवा. आता आठला कारखान्यातच जेवतो, घरी आलो की फक्त एक कप दूध. पित्त थांबलंच आणि ४ किलो न मागता गेले.

नांद्रे_सूर्यास्त

आम्ही जैन, घरात सूर्यास्ताच्या आत जेवण, नंतर काही नाही. लोक विचारतात रात्री भूक लागत नाही का. खरं सांगायचं तर लागत नाही, पण त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे सगळं घर एकाच वेळी थांबतं, नंतर कुणी कुणासमोर खात नाही, स्वयंपाकघरच बंद. दुसरं म्हणजे आमच्याकडं दुपारचं जेवण तब्येतीत असतं आणि साडेपाच-सहाचं पण जेवणच असतं, सूप नसतं. कृष्णाकाठची ताई सातला सूप पिऊन साडेनऊला दुसऱ्यांसाठी गरम भाकरी थापतायत, तो वास घेत समोर बसायचं, हे आमच्या घरात कुणालाच जमलं नसतं. माझ्या आईला पण नाही, आणि तिने आठ आठ दिवसांचे उपवास केलेत.

कृष्णाकाठची

आठ दिवस झाले, वही घेऊन बसलेय. सिस्टर तुमचं खरं निघालं.

मुलाच्या ताटात उरलेली अर्धी भाकरी, रोज. टाकवत नाही. सकाळी दूध तापवल्यावर भांड्याची साय. दुपारी सासूबाईंना वरणभात भरवते तेव्हा उरलेले दोनतीन घास. आमटी चाखताना वाटीभर तरी होतेच. दुकानात दुपारी डबा घेऊन जाते तिथला चहा, साखरेचा, दोनदा. आणि रविवारी घरात चिकन, त्या दिवशी चार्ट नसतोच. यातलं एकही मी खाल्लं असं मला वाटतच नव्हतं, कारण ताट घेऊन बसले नव्हते. आठ दिवसांत मी स्वतःसाठी वाढून घेऊन बसून जेवले ते फक्त दुपारचा फुलका. बाकी सगळं उभ्यानं.

हे लिहिलेलं बघून मला वजनापेक्षा त्याचंच वाईट वाटलं.

सातारची_आत्या

बाळ, मी ७१ वर्षांची, गोडोलीत राहते, नातवाने शिकवलं म्हणून इथं वाचते. सगळ्यांनी भुकेचं सांगितलं ते बरोबरच आहे. पण मला तुझ्या पहिल्या लिहिण्यात दुसरंच दिसलं. सगळे आपापल्या खोलीत जातात, तू लाईट बंद करायला जातेस, आणि बसतेस. अख्ख्या दिवसात तू तेव्हाच बसतेस ना गं?

माझे मोठे दीर दीर्घ आजारी होते, घरात बारा माणसं, तेव्हा मी रात्री अकराला सगळं निजलं की चुलीजवळ बसून गूळ-शेंगदाणे खायचे. भूक नसायची. पण तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नसे. ते खाणं बंद केलं असतं तर माझा तो वेळपण गेला असता, खाणं म्हणजे तिथं बसायला निमित्त होतं. तुझं तसं आहे का बघ. असलं तर आधी वेळ वाचव, मग डब्याचं बघ.

कृष्णाकाठची

आत्या, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. हो. तसंच आहे. मी भडंग खाताना दारात कुणाची चाहूल लागली की मला राग येतो, खाताना पकडलं म्हणून नाही, माझा वेळ संपला म्हणून.

तासगावची_लेक

ताई, मला पण गहिवरून आलं. मी बेदाणे सोडले पण रात्री मोबाईल एक वाजेपर्यंत चालूच असतो, कारण तेच.

सिस्टर_मिरज

आत्यांनी सांगितलं ते ओपीडीत आम्हाला कधी विचारायला जमलं नाही, पुढं विचारीन.

जागरणाबद्दल मात्र बोलते, कारण बारा-साडेबाराला झोपून साडेपाचला उठणं म्हणजे पाच तास झोप. शिकागोला २००४ मध्ये १२ तरुणांवर अभ्यास झाला होता, लागोपाठ दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर पोट भरलं असं सांगणारं लेप्टिन हे हार्मोन १८ टक्क्यांनी उतरलं आणि भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि त्यांना गोड खारं असलंच खावंसं वाटायला लागलं. आणि २०२२ ला बोस्टनमध्ये १६ जणांना तेच अन्न, तेवढंच, फक्त साधारण चार तास उशिरा दिलं, तर भूक वाढली आणि शरीराने जाळलेली ऊर्जा कमी झाली. माणसं दोन्हीकडं थोडी आहेत, पण ओपीडीत मला हेच दिसतं. म्हणजे कमी झोप, उशिरा खाणं, त्यानं अजून भूक, असं ते फिरत राहतं.

कुणाचं रात्रीच्या जेवणानंतर दिवसभराच्या खाण्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त खाणं होत असेल किंवा झोपेतनं उठून खावं लागत असेल, सकाळी भूकच नसेल, मन खिन्न असेल, आणि हे महिनोन् महिने चालू असेल, तर त्याला नाव आहे, नाईट ईटिंग सिंड्रोम, १९५५ ला स्टंकार्ड नावाच्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. त्याला उपचार असतात, मानसोपचारतज्ज्ञांकडं जायला लाजू नका. ताई, तुमचं मला आत्ता तरी उपाशीपणाचंच वाटतं, कारण दिवसाचं खाणंच नाही, पण दिवसा नीट जेवून दीडदोन महिन्यांत फरक पडला नाही तर जाऊन या.

चार्ट फाडा. दुपारी ज्वारीची एक भाकरी, वाटी भरून उसळ, दही, कोशिंबीर. साडेपाचला मूठभर फुटाणे किंवा दोन उकडलेली अंडी. सातला सूप नाही, सासूबाईंबरोबर जेवण, भाकरी, भाजी, घट्ट वरण. ताट वाढून, खाली बसून.

कृष्णाकाठची

पाच आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, मुलाची परीक्षा होती.

जिमवाल्यांना चार्ट परत दिला. सासूबाई साडेसातला जेवतात, त्यांच्याबरोबर ताट घेऊन बसते. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, लग्न होऊन १९ वर्षं झाली, आपण दोघी एकत्र जेवलोय का गं कधी? मला आठवेना. आता रोज बसतो. मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं, आत्यांचं पण. ते गप्प बसले, मग म्हणाले साडेनऊला मी आणि पोरगा हातानं वाढून घेतो, भाकरी डब्यात ठेवत जा, गरम नसली तरी चालतंय. ओटा मुलगा पुसतो, नीट पुसत नाही पण मी परत पुसायला जात नाही.

त्यामुळं माझे साडेनऊ ते साडेदहा मोकळे झाले. गॅलरीत बसते, तासगावच्या बहिणीला फोन, नाहीतर नुसतीच. दोनदा आयर्विन पुलापर्यंत गाडीवर जाऊन आले मिस्टरांबरोबर, नदीकडेला उभं राहून परत. अकराच्या आत झोपते. पाककृतींचे व्हिडिओ कधी बंद झाले ते मला कळलं पण नाही, परवा लक्षात आलं.

वजन ७१.४. चार महिने न हललेला काटा हलला. दुकानातला चहा एकावर आणला, साय अजून सुटत नाही. पहिल्या दहा दिवसांत तीनदा डबा उघडला होता, चौथ्या आठवड्यात एकदा, तेव्हा नणंदेशी वाजलं होतं. त्या रात्री खाल्लं, पण दुसऱ्या दिवशी उपाशी राहिले नाही, दुपारी नेहमीसारखी जेवले, आणि त्या रात्री परत डब्याकडं गेले नाही. हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं आहे.

भडंग सोडलं नाही. बुधवार आणि रविवार, पाचला, लहान डिशमध्ये, बसून, सासूबाईंबरोबर. घरीच करते आता कमी तेलाचं.

बुधगावकर_पोरगी

ताई किती छान वाटलं वाचून. वडिलांना तुमचा धागा वाचून दाखवला. भडंगाची कृती द्या ना, त्यांना पण खावंसं वाटतंय.

कृष्णाकाठची

पाव किलो भडंगाचे चुरमुरे कढईत मंद आचेवर कोरडेच भाजून बाजूला. शेंगदाणे ५० ग्रॅम आणि डाळवं ७५ ग्रॅम, ते पण कोरडे भाजायचे. मग दोन मोठे चमचे तेल, बास तेवढंच, त्यात मोहरी, भरपूर कढीपत्ता आणि अख्खा एक गड्डा लसूण, तो पूर्ण कुरकुरीत झाला की गॅस बंद करून हळद, तिखट, मीठ, मेतकूट, आणि चुरमुरे टाकून दोन्ही हातांनी खालवर. साखर घालत नाही. वडिलांना लहान वाटीनेच द्या, चुरमुऱ्यांनी शुगर चढते, आणि सोबत ताक किंवा दोन चमचे मटकी.

वाळव्याचा_पाटील

लसूण ठेचून का काप करून?

कृष्णाकाठची

सालासकट ठेचून, पाटील दादा. सोलला तर लवकर करपतो.